दर पावसाळ्यात तोच कोपरा ओला? गळती बुजवण्याआधी पाणी कुठे अडतंय ते शोधा

आमच्या वरच्या खोलीचा एक कोपरा सलग तीन पावसाळे ओला झाला. पहिल्या वर्षी गच्चीवर वॉटरप्रूफिंगच्या रसायनाचे दोन हात मारले. दुसऱ्या वर्षी भेगा कोरून भरल्या, वर फायबरची जाळी अंथरली आणि पुन्हा तेच रसायन लावलं. दोन्ही वेळा सुरुवातीचे काही दिवस कोरडे गेले, मग एका रात्री धो धो कोसळला आणि सकाळी भिंतीवर त्याच आकाराचा डाग हजर. तिसऱ्या वर्षी मी पाऊस चालू असतानाच वर गेलो. पाच मिनिटांत सगळं दिसलं. पाणी उतरण्याच्या पाइपचं तोंड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बोटभर उंच होतं. गच्चीचं पाणी इमानदारीनं त्या कोपऱ्याकडे येत होतं आणि तोंडाच्या कडेशी थांबून तिथेच तळं करत होतं. पाऊस थांबला तरी ते तळं दोन दिवस तसंच राहिलं, आणि त्याच्या बरोबर खाली आमचा डाग.

तीन वर्षं मी भेग शोधत होतो, आणि बिघाड पाण्याच्या वाटेत होता. त्यानंतर ओळखीच्यांच्या बऱ्याच गच्च्या आणि छपरं पाहिली, आणि बहुतेक ठिकाणी हेच निघालं. दिवसेंदिवस उभं राहणारं पाणी कुठल्याही लेपाला आज ना उद्या भेदतं. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात लेपांबद्दल कमी आणि पाण्याच्या वाटेबद्दल जास्त आहे.

गळती कधी सुरू होते ते आधी लिहून ठेवा

डाग कुठे पडलाय यापेक्षा तो कधी ओला होतो यावरून जास्त कळतं. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी सरळ खाली येईलच असं नाही. कोबा (स्लॅबवर उतारासाठी घातलेला सिमेंटचा थर) आणि स्लॅब यांच्यामधल्या फटीतून, वायरिंगच्या नळीतून, एखाद्या जुन्या भेगेच्या कडेनं ते आडवं चालत जातं आणि काही मीटर लांब जाऊन थेंब सोडतं. त्यामुळे डागाच्या बरोबर वरची जागा खणून ठेवणं हे बऱ्याचदा फुकट जातं. त्यापेक्षा एक वही करा आणि दोन-तीन पावसांच्या नोंदी ठेवा: पाऊस कधी सुरू झाला, जोर किती, वारा होता का, थेंब कधी पडला, कधी थांबला.

पाऊस सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांत थेंब पडत असेल तर पाण्याला सरळ, मोकळी वाट मिळालीय. पाइपचा उघडा सांधा, पाइपच्या तोंडाभोवतीची फट, पत्र्याच्या बोल्टचं भोक, फुटलेलं कौल, असं काहीतरी. पाऊस थांबल्यावर काही तासांनी सुरू होऊन दोन-तीन दिवस पाझरत राहत असेल तर वर पाणी साचलंय आणि ते हळूहळू झिरपतंय. रिपरिप कितीही चालली तरी काही होत नाही, पण मुसळधार झाला की गळतं, तर पाइप किंवा पन्हळ कमी पडतेय. पाण्याची पातळी वाढते आणि एरवी कोरड्या राहणाऱ्या उंचीवरच्या फटीपर्यंत पोचते. फक्त वाऱ्याच्या पावसात गळत असेल तर गच्चीची जमीन सोडा. कठडा, छज्जा, पत्र्यांचे जोड, खिडकीच्या चौकटी तपासा.

आणि पाऊस नसतानाही ओल वाढत असेल तर पावसाला दोष देऊ नका. वरच्या टाकीची किंवा न्हाणीघराची नळी बघा. रात्री टाकीत येणारा आणि टाकीतून जाणारा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून पाण्याच्या पातळीला खूण करा. सकाळी पातळी उतरली असेल तर टाकी किंवा व्हॉल्व्हपर्यंतची नळी गळतेय. पातळी तिथेच असेल तर व्हॉल्व्हच्या पुढची नळी एकेक करून तपासायला घ्या.

पावसातच वर जा, पण जपून

कोरड्या गच्चीवर कितीही वेळ फिरलात तरी पाणी कसं चालतं ते कळत नाही. मध्यम पावसात, उजेडी, दहा मिनिटं वर उभं राहा. विजा कडाडत असतील तर अजिबात नको. शेवाळ धरलेली गच्ची साबणासारखी निसरडी होते, त्यामुळे पकड असलेली चप्पल हवी आणि कठडा नसलेल्या कडेपासून लांब राहायचं. सिमेंटच्या किंवा प्लॅस्टिकच्या पत्र्यांवर पाय देऊच नका. असे पत्रे वरून धड दिसतात आणि माणसाच्या वजनानं क्षणात फुटतात. उताराचं छप्पर असेल तर खालून, थोडं लांब उभं राहून पाहणंच बरं. पन्हळीला टेकवलेल्या शिडीवरून पावसात काही करू नका.

काय बघायचं? पाणी तोंडाकडे येतंय की मध्येच वळतंय. तोंडावर भोवरा पडतोय की पाणी नुसतं उभं आहे. कठड्याच्या कडेनं ओहोळ जातोय का. वरच्या छपराचं पाणी खालच्या छपरावर कुठे आदळतंय. पाइपमधून खाली जाताना आवाज कसा येतोय. मोबाइलवर चित्रण करून ठेवा. गवंड्याला किंवा प्लंबरला उन्हाळ्यात समजावताना त्याचा फार उपयोग होतो, कारण ते येतात तेव्हा गच्ची कोरडी ठणठणीत असते.

पाणी येतं किती, जातं किती

हा हिशोब एकदा तरी करा, सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तासाला ६० मिलिमीटर वेगानं पाऊस पडला तर मिनिटाला १०० लिटर पाणी जमतं. पावसाळी प्रदेशात दहा-पंधरा मिनिटांची सर याच्या दुप्पट वेगानंही येऊ शकते. म्हणजे मिनिटाला दोनशे लिटर, एका मोठ्या पिंपाएवढं, दर मिनिटाला त्या तोंडातून खाली गेलं पाहिजे.

इथे पाइपच्या जाडीचा फरक वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. ७५ मिलिमीटर आणि १०० मिलिमीटर यांत फरक एका इंचाचा दिसतो, पण १०० च्या पाइपचं तोंड क्षेत्रफळानं जवळजवळ पावणेदोन पट मोठं असतं. जोरदार पावसाच्या भागात १०० मिलिमीटरच्या एका पाइपवर साधारण ४० चौरस मीटरपेक्षा जास्त गच्ची टाकू नये. आणि गच्ची कितीही लहान असली तरी उतरणीची तोंडं दोन हवीत. एक तोंड एका प्लॅस्टिकच्या पिशवीनं बंद होतं. दोन्ही एकाच वेळी बंद होण्याची शक्यता फार कमी.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. एक सेंटिमीटर साचलेलं पाणी म्हणजे दर चौरस मीटरला दहा किलो वजन. वीतभर पाणी साचलं तर दर चौरस मीटरला दोनशे किलोंच्या वर जातं. गच्चीचा स्लॅब एवढा भार रात्रभर वाहण्यासाठी बांधलेला असेलच असं नाही. तुंबलेली गच्ची ओलीपुरती गोष्ट नाही, हे मला कळकळीनं सांगावंसं वाटतं.

गच्चीवर पाणी उभं राहतं

पाऊस थांबून दिवस-दोन दिवस झाले, वातावरण उघडं आहे, तरी कुठे पाणी दिसत असेल तर तो खड्डा धरा. खडूनं त्याच्या काठानं रेघ मारा. पुढच्या पावसानंतर पुन्हा. दोन-तीन रेघा जमल्या की गच्चीचा नकाशाच तयार होतो. खडू पावसात धुऊन जातो, म्हणून शेवटची रेघ ऑइलपेंटनं मारा, म्हणजे उन्हाळ्यात काम करताना जागा शोधत बसावं लागणार नाही.

मग ढाळ मोजा. गच्चीला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार हवा. पाऊस जास्त असेल तिथे सव्वा सेंटिमीटर. म्हणजे सहा मीटर लांबून पाणी यायचं असेल तर तोंडापाशी जमीन सहा-साडेसात सेंटिमीटर खाली असायला हवी. पुष्कळ गच्च्यांवर हा फरक निम्मासुद्धा निघत नाही. मोजायला गवंड्याची पाण्याची नळी पुरते: पारदर्शक नळीत पाणी भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक लांबच्या कोपऱ्यात आणि दुसरं तोंडापाशी धरायचं आणि दोन्हीकडे पाण्याच्या पातळीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं. दोन मापांतला फरक म्हणजे ढाळ. पाणसळ (बुडबुड्याची पट्टी) एक-दोन हात लांबीचा उतार दाखवते, पण मधला खड्डा तिला दिसत नाही.

खड्डा तोंडापाशीच असेल, आमच्यासारखा, तर कारण बहुधा एकच असतं. पाइप आधी बसवला, मग कोबा किंवा फरशी झाली, मग कधीतरी वर आणखी एक थर. प्रत्येक थरानं पाइपच्या तोंडाशी एक उंचवटा तयार केला, किंवा थर चढल्यावर तोंडावरची जाळी वर उचलून बसवली गेली. यावर उपाय म्हणजे तोंडाभोवती साधारण दीड फूट बाय दीड फुटाचा चौकोन फक्त कोब्याच्या थरात खणायचा (स्लॅबला आणि सळीला हात लावायचा नाही) आणि तो आजूबाजूपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खोल, बशीसारखा, तोंडाकडे उतरता करून घ्यायचा. पाइपचं तोंड त्या बशीच्या तळापेक्षा तसूभरही वर राहता कामा नये. वॉटरप्रूफिंगचा थर तोंडाशी थांबवायचा नाही, तो पाइपच्या आत बोट-दोन बोटं उतरवायचा. गवंडी हे शेवटचं काम विसरतात, समोर उभं राहून करून घ्या.

खड्डा तोंडापासून लांब, गच्चीच्या मध्ये असेल तर तो पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्यानं भरता येतो. मात्र कडेला मसाला कागदासारखा पातळ करून सोडला तर पहिल्या उन्हाळ्यातच पापुद्रा सुटतो. भरायच्या जागेची कड कटरनं सेंटिमीटरभर खोल, सरळ कापून घ्यावी, म्हणजे मसाल्याला कडेलाही जाडी मिळते.

संपूर्ण गच्चीचाच ढाळ चुकला असेल तर वर सरसकट नवा थर टाकण्याचा सल्ला सगळे देतात. पाच सेंटिमीटर जाड थर म्हणजे दर चौरस मीटरला शंभर किलोंच्या आसपास कायमचं वजन. जुन्या इमारतीत आधीच दोन थर चढलेले असतात. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका. बऱ्याचदा जुना थर काढून नवा करणं, किंवा जिथे पाणी नैसर्गिकपणे जमतं तिथेच नवीन तोंड काढणं, जास्त शहाणपणाचं ठरतं.

तोंड आणि त्यावरची जाळी

सपाट जाळी ही माझ्या मते तुंबण्याचं पहिलं कारण आहे. दोन ओली पानं त्यावर आडवी पडली की झाकण बसल्यासारखं होतं, आणि वरून पाण्याचा दाब त्यांना आणखी घट्ट बसवतो. घुमटासारखी वर आलेली जाळी बसवा. तिच्या बुडाशी कचरा अडला तरी वरच्या भोकांतून पाणी जात राहतं. जाळीच्या सगळ्या भोकांचं मिळून क्षेत्रफळ पाइपच्या तोंडाच्या दीड ते दोन पट तरी असावं. डासांची बारीक जाळी तोंडावर बांधू नका, ती मातीच्या पातळ थरानंच बंद होते. आणि तुंबतंय म्हणून जाळी काढून टाकण्याची चूक तर नकोच. मग तोच कचरा पाइपच्या बेंडमध्ये जाऊन बसतो, जिथे हात पोचत नाही.

तुंबतं कशानं? पानं, मातीचा गाळ, कबुतरांची पिसं आणि काड्या, कुंड्यांखालून वाहून आलेली माती, कपडे वाळत घालायचे चिमटे, पतंगाचा दोरा, आणि गच्चीच्या जुन्या थराचे सुटलेले खडे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेली वड-पिंपळाची रोपं तोंडाच्या फटीत रुजतात. त्यांना वरून खुडून काही होत नाही, मुळं फट रुंदावत राहतात. रोप लहान असतानाच मुळासकट काढा आणि ती फट लगेच भरून घ्या.

आता सगळ्यात दगा देणारी जागा: पाइप आणि काँक्रीट यांचा सांधा. पीव्हीसीचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, सिमेंट त्याला धरून ठेवत नाही. शिवाय उन्हात पाइप फुगतो, थंडीत आक्रसतो. त्यामुळे तोंडाभोवती केसाएवढी गोल फट पडते आणि सगळ्या गच्चीचं पाणी तिच्यावरूनच जातं. ही फट गळते आहे की खालचा पाइप, हे ओळखायला दोन चाचण्या करा, वेगवेगळ्या दिवशी, कोरड्या हवेत. पहिल्या दिवशी बागेची नळी थेट पाइपमध्ये हातभर आत घालून अर्धा तास पाणी सोडा, गच्ची कोरडी ठेवा. खाली ओल आली तर पाइपचा सांधा किंवा पाइप फुटका. काहीच झालं नाही तर ओल पूर्ण वाळू द्या आणि दुसऱ्या चाचणीत पाइपच्या तोंडात, कडेपासून थोडं खाली, बूच घट्ट बसवा. तोंडाभोवती मातीचा किंवा मसाल्याचा छोटा बांध घालून आत तीन-चार सेंटिमीटर पाणी एक दिवस उभं ठेवा. आता ओल आली तर तोंडाची फट किंवा तिथला कोबा. या दोन चाचण्यांनी पाइप बदलण्याचा मोठा खर्च कित्येकदा वाचतो, कारण दोष पाइपचा नसतोच.

दुरुस्ती करताना फटीत नुसतं सिमेंट कोंबू नका, ते पुन्हा सुटेल. पाइपची बाहेरची बाजू सँडपेपरनं खरवडून, फट कोरून रुंद करून त्यात लवचीक राहणारं सीलंट भरा, मग वर न आक्रसणारा मसाला.

पाइप मध्येच तुंबलाय

जाळी स्वच्छ आहे, तरी पाणी उतरत नाही, किंवा गुडगुड आवाज करत हप्त्याहप्त्यानं उतरतं, तर अडथळा आत आहे. पाइपच्या सांध्यांवर ओलीचे ओघळ शोधा. पाइप तुंबला की अडथळ्याच्या वर पाण्याचा खांब उभा राहतो, आणि त्याच्या दाबानं सगळ्यात खालच्या भरलेल्या सांध्यातून पाणी आधी आणि जास्त फुटतं. म्हणजे गळणाऱ्या सांध्यांपैकी सगळ्यात खालचा सांधा जिथे आहे, त्याच्या लगेच खाली अडथळा असायची दाट शक्यता. दोन मजल्यांएवढा, सहा मीटरचा खांब उभा राहिला तर तळाशी दर चौरस सेंटिमीटरला ६०० ग्रॅम दाब येतो. पावसाच्या पाण्याचे सांधे इतक्या दाबासाठी केलेले नसतात. म्हणून तुंबलेला पाइप चालू पावसात तसाच सोडू नये, भिंत आतून भिजते.

बेंड, दोन पाइप एकत्र येतात ती जागा, आणि जमिनीत शिरण्याआधीचं शेवटचं वळण, या तीन ठिकाणी अडथळा बसतो. लोखंडी सळई खुपसू नका. बेंड फुटतो आणि अडथळा आणखी घट्ट बसतो. प्लंबरची लवचीक स्प्रिंग वापरा, आणि जमेल तिथे खालून वर. वरून ढकललं तर गाळ खाली जाऊन पुढच्या वळणात अडकतो. अॅसिड ओतणं तर टाळाच: माती-पानांवर त्याचा काही परिणाम होत नाही, कोबा मात्र खातो. पाइप मोकळा झाल्यावर तळाच्या वळणाशी झाकण असलेला तुकडा बसवून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी पाच मिनिटांचं काम.

पाइप बसवताना सॉकेटचं, म्हणजे दुसरा पाइप ज्यात बसतो त्या टोकाचं, रुंद तोंड वर हवं. उलटं बसवलेलं असेल तर प्रत्येक सांध्यातून थोडं पाणी बाहेर येतंच, तुंबलेलं असो वा नसो. विचित्र वाटेल, पण मी हे दोनदा पाहिलंय. भिंतीत किंवा खांबात गाडलेला पाइप असेल आणि तोच गळत असेल तर तो कायमचा बंद करून बाहेरून नवीन पाइप उतरवा. दिसायला बरं नसेल, पण हात पोचतो.

कठडा आणि ओव्हरफ्लो

कठडा आणि गच्चीची जमीन जिथे मिळते तिथे गवंडी जी गोलाई करतात, वाटा म्हणतात तिला, ती तडकली की ओल थेट भिंतीत उतरते. वॉटरप्रूफिंगचा थर या वाट्यावरून कठड्यावर किमान वीतभर चढलेला असायला हवा. कठड्याच्या माथ्याचा उतार गच्चीकडे, आतल्या बाजूला हवा.

आणि कठड्याला ओव्हरफ्लोचं भोक पाडून घ्या. गच्चीच्या जमिनीपासून पाचेक सेंटिमीटर वर, बाहेर दिसेल अशा जागी, आणि गच्चीच्या दाराच्या उंबऱ्यापेक्षा नक्की खाली. भोक पुरेसं मोठं असेल तर सगळी तोंडं तुंबली तरी पाणी पाच सेंटिमीटरच्या फार वर चढणार नाही, आणि त्या भोकातून बाहेर धार लागली की खालच्या माणसाला कळेल, वर काहीतरी अडलंय. भोकाला बाहेर नळीचा तुकडा पुढे काढा, नाहीतर धार भिंतीवरूनच उतरेल. इतकं साधं काम इतक्या कमी गच्च्यांवर का असतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

उताराचं छप्पर: पन्हळी

पन्हळ ओसंडते तेव्हा कचरा नसेल तर उतार बघा. तीन मीटरला एक सेंटिमीटर पुरे. पन्हळ धरणारा कंस दोन-तीन फुटांवर एक असा हवा; लांब ठेवले तर भरलेली पन्हळ मध्ये झोळ खाते आणि त्या झोळात पाणी आणि गाळ बसतो. पन्हळीची भिंतीकडची कड बाहेरच्या कडेपेक्षा उंच हवी, म्हणजे ओसंडलं तरी अंगणात पडेल, भिंतीत जाणार नाही.

पाणी पन्हळीच्या मागून भिंतीवर उतरत असेल तर कौलांची किंवा पत्र्याची कड पन्हळीच्या आत पुरेशी आलेली नाही. पाणी कडेला चिकटून खालच्या अंगानं मागे वळतं. कड पन्हळीच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश आत यावी. फार पुढे आली तर जोराच्या सरीत पाणी पन्हळ ओलांडूनच उडतं.

पीव्हीसीची लांब पन्हळ उन्हात सरकते. दहा मीटर लांबी आणि तापमानात ३० अंशांचा फरक धरला तर जवळजवळ दोन सेंटिमीटर. जोडात तेवढी जागा सोडली नसेल तर दरवर्षी तोच जोड सुटतो आणि आपण दरवर्षी त्याला गोंद लावतो.

दोन उतार मिळतात ती घळ वेगळी तपासा. दोन छपरांचं पाणी तिथे एका धारेत येतं आणि एक अडकलेली फांदी पाणी कौलांखाली ढकलायला पुरते. वरच्या छपराचा पाइप खालच्या छपरावर मोकळा सोडलेला असेल तर तो खालच्या पन्हळीपर्यंत न्या.

पत्र्यांचं थोडक्यात: नागमोडी पत्र्याला बोल्ट उंचवट्यावर हवा, खळग्यात नको. रबरी वॉशर उन्हानं तडकतात, ते बदलणं हीच निम्मी दुरुस्ती. दोन पत्र्यांचा खालीवरचा जोड १५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, किंवा उतार फार कमी असेल, तर वाऱ्याचं पाणी त्यातून वर चढतं.

खाली सोडलेलं पाणी

पाइप भिंतीच्या पायाशी मोकळा सोडला असेल तर तळमजल्याची ओल तिथूनच येते. पाणी भिंतीपासून किमान दीड-दोन मीटर लांब, बाहेरच्या उतारावर न्या. पावसाचा पाइप मैल्याच्या लाइनला कधीही जोडू नका; जोराच्या पावसात ती लाइन भरते आणि तळमजल्याच्या संडासातून उलटी येते.

मध्यरात्री गच्ची भरली तर

आधी ज्या खोलीत गळतंय तिथली वीज मेन स्विचवरून बंद करा, विशेषतः दिव्याच्या भोकातून पाणी येत असेल तर. मगच वर जा, एकटे नको. तुंबलेल्या तोंडात हात घालू नका. काच, तार असू शकते आणि मोकळं होताच पाण्याची ओढ जोराची असते. काठीनं किंवा दंताळ्यानं कचरा बाजूला ओढा. खाली फॉल्स सीलिंगला पाण्यानं फुगवटा आला असेल तर बादली ठेवून, थोडं बाजूला उभं राहून स्क्रू-ड्रायव्हरनं एक भोक पाडा, नाहीतर अख्खा तुकडा कोसळेल. स्लॅबचा खालचा थर सुटून सळ्या दिसत असतील, किंवा स्लॅब झुकल्यासारखा वाटत असेल, तर त्या खोलीत झोपू नका आणि सकाळी इंजिनिअरला दाखवा. गंजलेली सळी फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलून फोडते. त्यावर प्लॅस्टर चढवून फक्त दिसणं थांबतं.

दुरुस्ती झाली, आता भिंत रंगवायची घाई नको

पाण्याची वाट दुरुस्त झाली तरी भिंतीतलं जुनं पाणी निघायला महिने लागतात. लगेच रंग दिला तर पोपडे येणार आणि तुम्हाला वाटणार दुरुस्ती फसली. डागाच्या कडेनं पेन्सिलनं रेघ मारा आणि तारीख लिहा. दर महिन्याला नवीन रेघ. डाग रेघेच्या आत सरकत असेल तर काम झालंय. मुसळधार पावसानंतर रेघेच्या बाहेर गेला तर आणखी एक वाट राहिलीय, पुन्हा वहीकडे या. आमच्या कोपऱ्यावर अशा पाच रेघा होत्या, एकात एक. पाचवी मारली तेव्हा डाग तळहाताएवढा उरला होता, आणि रंग आम्ही त्यानंतरचा अख्खा पावसाळा गेल्यावर दिला.